मैलांची मुदत आणि मामाजींचं वर्ष

ये गं बाई, अशी जवळ बस. जवळ म्हणजे माझा हात पोचेल इतकी. दारात चपला घालूनच "काकू, बरी आहेस ना, निघते मी" म्हणायचं, ही कुठली गं तऱ्हा? बरी आहे की नाही ते पाच मिनिटं बसल्याशिवाय कसं कळेल तुला? टेक आधी. पाणी पी. अन् मी सांगते ते ऐक, कारण हे आमच्या घरात घडलं यावर माझा स्वतःचाच अजून विश्वास बसत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहायचो. आमचे हे कचेरीत कारकून. सासू-सासरे आमच्याजवळच असायचे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांची शेती समुद्रपूरकडे, तिथे त्यांचे थोरले भाऊ राहायचे, ते माझे मोठे मामाजी. आमचे मामाजी एसटीनं जाऊन-येऊन कापूस बघायचे. त्या आषाढात ते गेले. सकाळी चहा प्याले, पेपर मागितला, अन् मी पेपर आणेपर्यंत संपलं होतं. पेपर हातात घेऊन मी तशीच उभी.

माझा धाकटा दीर तेव्हा अमेरिकेत होता. भाऊजींना बापाच्या तेराव्यालाही येता आलं नाही. तिथे कायम राहायचे त्यांचे कागद मधातच अडकलेले, अन् तेवढ्यात देश सोडला तर परत आत घेतील याचा नेम नव्हता. चार वर्षं सासूबाईंनी लेकाला पाहिलं नव्हतं.  आमच्या शेजारच्या मास्तरांकडे फोन वाजला की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. आळीत तेवढाच एक फोन.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मास्तरांचा आवाज आला, "या हो, अमेरिका आहे!" आम्ही तिघंही धावलो. फोन ह्यांनी घेतला. तेव्हा ओरडून बोलावं लागायचं अन् तिकडचं ऐकून ह्यांनी मोठ्यानं परत म्हणायची सवय, म्हणून मास्तरांच्या ओसरीवर जमलेल्या सगळ्यांना सगळं कळत होतं.

"काय? मैल? कसले मैल?"

तर ते असं होतं. भाऊजींच्या कंपनीचं काम गावोगावचं, अन् तिथे गावोगाव म्हणजे विमानानं. दर आठवड्याला विमान. अन् ती विमानकंपनी, जितके मैल तुम्ही त्यांच्या विमानात बसाल तितके तुमच्या नावावर जमा करते. खूप जमले की एक मोठी फेरी फुकट देते. तुम्हाला नाही तर तुमच्या घरच्या माणसाला.

मी तर ऐकून थक्क झाले. अगं, वर्धा ते समुद्रपूर एसटीत मी उभ्यानं इतके धक्के खाल्ले, कडेवर पोर घेऊन खाल्ले, कंडक्टरनं कधी "बाई, तुम्ही नेहमीच्या" म्हणून सीट दिली नाही. अन् तिथे बसल्याबद्दल बक्षीस!

पण दुसरी गोष्ट त्याहून धक्क्याची. ते मैल टिकत नव्हते. डिसेंबर संपायच्या आत कुणी त्यावर विमानात बसलं नाही तर सगळे बाद. भाऊजी म्हणत होते, माझे कागद अडकलेले, मी तिकडे येऊ शकत नाही. मायला पाठवा.

"मधात एखादी फेरी मारून ते जिवंत नाही ठेवता येत का?" ह्यांनी विचारलं.

नाही. नवीन मारली की नवीन जमतील. जुने ते जुनेच, जायचे ते जाणारच.

सासूबाईंचा पासपोर्ट होता. मामाजींनी दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं दोघांचेही काढून ठेवले होते. पण हे फोनवर एकच म्हणाले, "अरे, बाबांचं वर्ष आहे."  तिकडून फोन ठेवल्याचं खट्‌ झालं.

तुला आजकाल हे सांगावं लागतं. आमच्या घरात माणूस गेलं की त्याच्या बाईनं वर्षभर घर सोडायचं नाही. लग्नाला नाही, माहेरी नाही. वर्षश्राद्ध झालं की मोकळी. मामाजींचं वर्ष पुढच्या आषाढात पुरं होणार, अन् मैल संपणार डिसेंबरात. गणित जमतच नव्हतं. मी ते मनातून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सूनबाई, त्या मैलाईचं मले समजलं. आपली सरकी असते ना. यंदा नाई पेरली, पुढच्या साली नाई पेरली, मंग ते उगवतच नाई. तसंच ना ते?"

"तसंच, आई."

"मंग त्याईचं वर्ष अलीकडे घेऊन टाका."

माझ्या हातातली परात खाली पडली. खरंच पडली, तिला पोचा आला. लग्न ठरलं असलं, मुलीचं वय चाललं असलं की वर्ष अलीकडे घेतात, हे मी पाहिलं होतं. पण विमानासाठी? हे स्नानाला निघाले होते, ते टॉवेल खांद्यावर घेऊन तसेच उभे. "माय, काय बोलून राह्यली तू?"

"जे बोलली ते ऐकलं ना? मंग काऊन विचारतं?"

बातमी समुद्रपूरला कशी पोचली देव जाणे. दोन दिवसांत मोठे मामाजी पहिल्या एसटीनं दारात. आता इथे एक गोष्ट लक्षात घे. मोठे मामाजी सासूबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भासऱ्याशी बाई बोलत नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या दोघांनी एकमेकांशी थेट एक शब्द उच्चारला नव्हता. एका घरात राहिले, एका शेतात कापूस वेचला, पण बोलणं सगळं तिसऱ्याच्या तोंडून. त्या दिवशी तिसरी मी होते. ते समोरच्या खोलीत खाटेवर, सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीआड, अन् मी मधल्या दारात.

"सूनबाई, विचार तिले," मोठे मामाजी म्हणाले, "माणूस जाऊन सा महिने नाई झाले, अन् तुले फुकटाचं विमान दिसून राह्यलं का?"

मी आत तोंड केलं. "आई, ते विचारतात..."

"ऐकलं मी, बहिरी नाई. सांग त्याईले, विमान नाई दिसून राह्यलं. पोरगं दिसून राह्यलं."

मी बाहेर तोंड केलं. "मामाजी, त्या म्हणतात..."

"ऐकलं! विचार, बापाले पाणी द्याले नाई आलं ते पोरगं, त्याच्यासाठी हे भावाचं वर्ष उरकते?"

 आतून फक्त भांडं सरकवल्याचा आवाज. मोठ्या मामाजींना वाटलं आपण जिंकलो. त्यांचा आवाज थोडा खाली आला. माणूस वाईट नव्हता गं, भावावर जीव होता त्यांचा. म्हणाले, "बरं, जाचंच असंन तर एक करा. लोकाईले सांगू, अस्थी घेऊन चालली. धाकट्याच्या हातानं तिकडच्या नदीत सोडाले. म्हणजे कोणी नाव ठेवणार नाई."

मला ते पटलं. ह्यांनाही पटलेलं दिसलं. किती सोयीचं! मी आत वळले तर सासूबाई माझ्या मागेच उभ्या. मला त्यांनी हातानं बाजूला केलं, अन् सरळ त्या खोलीत गेल्या. खाटेसमोर.

"अस्थी पवनारले नदीत सोडल्या. तुमच्या डोळ्यादेखत," त्या म्हणाल्या. त्यांच्याशी. थेट. "मी खोटं काऊन सांगू? मले माह्या लेकाले पाहाचं आहे. बस. तेवढंच. आज नाई गेली तर पुढच्या साली मी असंन का नाई, कोण सांगते? आमचे हे पेपर मागून गेले."

तुला सांगते, विजेचा झटका बसावा तसे आम्ही सगळे. ह्यांचं तोंड उघडं. मोठे मामाजी तर खाटेवरून उठूनच उभे राहिले, जसं कुणी वडीलधारं आत आलं. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण द्यायचं कुणाला? सासूबाईंशी थेट बोलायची सवयच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी टोपी उचलली अन् चहाही न घेता चालते झाले.

गुरुजींना विचारलं. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं. म्हणाले, "लग्नकार्य असेल तर वर्ष अलीकडे घेता येतं. पुढे ढकलता येत नाही."

"लेकाले भेटणं हे कार्य नाई का?" सासूबाईंनी विचारलं.

गुरुजींनी पंचांग परत उघडलं. मग म्हणाले, "मार्गशीर्षात करू."

केलं. ह्यांनी बापाचं वर्ष केलं. मोठे मामाजी आले. कोपऱ्यात बसले. सगळं होईपर्यंत बसले, अन् पानं मांडली तेव्हा उठून निघून गेले. सासूबाईंनी त्यांचं पान शेवटपर्यंत उचलू दिलं नाही. 

मग व्हिसा, मग मुंबई, ते सगळं ह्यांनी केलं. नऊवारी, पायात नवे बूट, पिशवीत जवसाची चटणी अन् कुरडया. ह्यांनी मुंबईहून परत येऊन सांगितलं, "मायनं एकदाही वळून पाहिलं नाही. आत चालत गेली." डिसेंबर संपायला आठवडाही उरला नव्हता.

अन् मग काहीच नाही. पोचली की नाही? विमान बदलायचं होतं मधात, कुण्या गोऱ्या देशात. बाईला मराठीशिवाय काही येत नाही. मी दिवसातून दहादा मास्तरांच्या ओसरीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मोठे मामाजी दारात. म्हणे, "कापूस घेऊन बाजारात आलतो. म्हटलं बसावं." कापसाची गाडी कुठे दिसत नव्हती. मी चहा ठेवला.

चहा उकळतो न उकळतो तोच मास्तर ओरडले. आम्ही धावलो, मोठे मामाजीही आमच्या मागे. ह्यांनी फोन कानाला लावला अन् सवयीप्रमाणे मोठ्यानं बोलू लागले.

"पोचली? माय, पोचली का तू? हो... हो... काय? ओळखलं नाही?"

 मी ह्यांना हलवलं, "अहो, काय झालं?" ह्यांनी फोन छातीशी धरला. म्हणाले, "तिथे तो न्यायला आला होता. माय त्याच्या बाजूनं पुढे निघून गेली. तिनं ओळखलंच नाही. त्यानं केस काढलेत. पूर्ण. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिकडे न्हाव्याकडे गेला अन् काढले. ऑफिसात तसाच जातो."

 अन् मोठ्या मामाजींनी ह्यांच्या हातातून फोन काढून घेतला. जन्मात कधी फोन धरला नव्हता त्यांनी, उलटा धरला, मास्तरांनी सरळ करून दिला.

"मी बोलून राह्यलो," ते ओरडले. सासूबाईंशी. मध्ये कुणी नाही. "ऐकू येते का? त्याले सांगा, तिकडे थंडी लय असते म्हणते. डोक्यावर टोपी घाल म्हणा. अन् तुम्ही जेवल्या का?"

तिकडून काय उत्तर आलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. फोन ठेवला, अन् आमच्या घरी येऊन चहा मागितला. मग भाकरी मागितली.

बघ, तुला पाच मिनिटं म्हणून बसवलं अन् दुपार केली. जा आता, तुझी आई वाट पाहत असेल. पण अशी सहा-सहा महिने तोंड लपवू नकोस. मोतीबिंदूनं मला आता धुरकट दिसतं, दारात कोण आहे ते लवकर कळत नाही. लवकर येजो. अन् आलीस की आधी हाक मारजो.