भाऊजींच्या रक्तातला दुधी पट्टा

ताई पहिल्यांदा गरोदर असताना मुधोळला, सासरी, तिच्या रक्तात कावीळ ब निघाली. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. तरी त्याच आठवड्यात सासूनं तिला जैनथला, आमच्या घरी आणून सोडलं आणि रोगी पोरगी गळ्यात बांधली, असं अख्ख्या गल्लीला ऐकवून गेली. भाऊजी मान खाली घालून ऑटोतच बसून राहिले. मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत याच काविळीच्या विषाणूवर काम करत होते. फोनवर आईचं रडणं ऐकलं आणि ठरवलं, ताईच्या सासूला सोडायचं नाही.

बाळाला जन्मताच लस टोचली, ते सुखरूप राहिलं. सासरहून कोणी बघायला आलं नाही. मीच भाऊजींना फोन करून रक्त तपासायला हैदराबादला बोलावलं. आपला पोरगा साफ आहे हे दाखवायला सासूनं त्यांना लगेच पाठवलं.

त्यांच्या रक्तात विषाणू ताईपेक्षा कितीतरी जास्त निघाले. अभ्यासासाठी त्यांनी सही करून आणखी रक्त दिलं. पेशी काढून उरलेला पिवळसर प्लाझ्मा मी साखरेच्या पाकाच्या थरांवर सोडला आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तासन्‌तास फिरवला. नळीत मधोमध दुधी पट्टा धरला. सुईनं तो ओढून घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. बारीक गोळ्या, काड्या आणि त्यांच्यात दुहेरी कडांचे मोठे गोळे, म्हणजे खरे विषाणू. कुठल्याच नमुन्यानं मला इतका आनंद दिला नव्हता.

भाऊजींना मी आधी एकट्यात सांगितलं. आईला तुम्हीच सांगा, म्हणाले. मी मुधोळला गेले. ओसरीवर शेजारच्या बाया बसल्या होत्या. त्यांना उठायला मी सांगितलं नाही.

ऐकून सासू म्हणाली, "माह्या पोराले तुह्या बहिणीनंच देला ना?"

कोणी कोणाला दिला, हे विषाणू पाहून कळत नाही. एवढं सांगून मला थांबता आलं असतं.

"मावशी, हा रोग बहुतेक आईकडून लेकराले होते," मी म्हटलं. "आमच्या आईचं रक्त तपासलं, तिच्यात नाही. आता तुमचं राह्यलं."

सासू उठली. पदर सावरून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

रक्त तिनं कधीच दिलं नाही. भाऊजी आता गोळ्या घेतात. ताईला न्यायला येऊन गेले, पण ती गेली नाही, शाळेत शिकवते. माझ्यावर मात्र ती चिडली होती. "चारचौघांत असं काऊन बोलली तू?"

मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.