त्याला कोणी पाठवलं होतं?

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही जण मला आपल्यात ओढू पाहतील आणि काही जण भोळा ठरवून मोकळे होतील. दोन्हींचा मला अनुभव आहे. माझा जन्म धुळ्यातल्या एका ख्रिस्ती घरातला. वडील मिशनच्या बोर्डिंगात सुपरिंटेंडेंट होते. तिशी गाठेपर्यंत मी चर्चला जाणं बंद केलं होतं. का, म्हणून कोणी विचारलं की मी सांगायचो, पुस्तकं वाचून डोळे उघडले. ते अर्धंच खरं. लहानपणी आमच्याकडे परदेशातून कपड्यांची गाठोडी यायची. एकदा माझ्या वाट्याला इतका जाड स्वेटर आला की धुळ्याच्या थंडीतही तो घालून घाम फुटायचा. पण तो अंगात चढवून भर उन्हात फोटोला उभं राहावं लागलं आणि नंतर आभाराचं पत्र लिहावं लागलं. पत्राचा मजकूर फळ्यावर तयार असायचा, आम्ही खाली फक्त आपापलं नाव घालायचं. तेव्हापासून कोणी काही दिलं की माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो: याचं पत्र कधी लिहावं लागणार? माझी नास्तिकता पुस्तकांपेक्षा त्या पत्रांतून जास्त आली असावी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. पिंप्राळ्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन आई आणि मी राहायचो. माझं लग्न झालेलं नव्हतं. देव सोडलेल्या मुलाला चर्चच्या मंडळीतलं कोणी मुलगी देईना, आणि मंडळीबाहेरच्यांच्या लेखी मी ख्रिस्तीच होतो. आईने मला कधी बोल लावला नाही. दर रविवारी मी तिला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडायचो आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेत पेपर वाचत बसायचो. म्हणजे पेपर उघडा असायचा, कान मात्र पलीकडे. एखाद्या गीताचं कडवं त्यांनी गाळलं की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा. सोडलेल्या घराच्या खिडकीत डोकावणाऱ्या माणसावर आपण जो संशय घेऊ, तोच मी स्वतःवर घेत असे.

मे महिन्यातल्या एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता आई खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आले, नाडी पाहिली, दाखला लिहून गेले. शेजारणी धावून आल्या, कोणीतरी बर्फाच्या लाद्या आणल्या. जळगावचा मे, संध्याकाळच्या आत सगळं उरकणं भागच होतं. धुळ्याला वडिलांशेजारी तिला नेता आलं तर पाहावं म्हणून मी टॅक्सी विचारली, पण मयत म्हटल्यावर ड्रायव्हरने मान हलवली. धुळ्यात माझी थोरली बहीण राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिला दुकानातून फोन लावला, ती एसटीने निघाली. आईने एकच गोष्ट मला कैकदा सांगून ठेवली होती. "मला जाळू नको रे बाबा. मातीत ठेवा, एखादं गीत म्हणा, बास." जाळणं मला सोपं गेलं असतं, कोणापुढे तोंड वेंगाडावं लागलं नसतं. पण तिचा तो शब्द मोडणं माझ्याच्याने होणार नव्हतं, आणि दफन करायचं तर कबरस्थान चर्चचं होतं.

पाळक सुटीवर गावी गेलेले. त्यांच्यामागे सगळा कारभार नाना पाहत. रेल्वेतून रिटायर झालेले, अंगाने काटक, बोलणं मोजकं. त्यांनी बातमी ऐकली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "जागा आहे. माणसं पाठवतो, खड्डा करतील."

"माणसं नकोत नाना. जागा तेवढी द्या. खड्ड्याचं मी बघतो."

"मे महिना आहे भाऊ. खाली मुरूम आहे."

"बघतो म्हटलं ना मी."

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "टिकाव, पहार, फावडं तिथल्याच खोलीत आहे. पाच वाजता मंडळी घेऊन येतो." बस्स, एवढंच. ना उपदेश, ना सुस्कारा. मला हे सरळ वाटेना. इतक्या सहज किल्ली देणारा माणूस नंतर काहीतरी मागणारच, अशी खूणगाठ बांधून मी बाहेर पडलो. त्यांच्या माणसांनी आईची कबर खणली असती तर जन्मभर मी त्यांच्या डोळ्यांत ते वाचत राहिलो असतो, ही माझी भीती होती.

सुताराकडे पेटी सांगितली आणि मजूर उभे राहतात त्या चौकातून दोघांना रिक्षात घालून आणलं. फाटकाच्या आतला पहिला क्रूस दिसताच दोघं थबकले. हे काम आम्ही करत नाही म्हणाले आणि आल्या रिक्षाने परत गेले. दहा वाजून गेले होते. मी शर्ट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि टिकाव उचलला. जन्मात फायलींपलीकडे काही उचललेलं नव्हतं. वरची वीतभर माती निघाली आणि खाली मुरूम लागला. टिकाव आपटायचा, ठिणगी उडायची, हाताला झिणझिण्या यायच्या. मग पहार घेतली. तासाभरात तळहाताला फोड आले, ते फुटले, पहारीला रक्त लागलं. दोन तासांनी खड्डा गुडघ्यालाही आला नव्हता. नानांकडे परत जावं तर माझं नाक कापलं जाणार होतं. न जावं तर पाच वाजता आईला पेटीत घालून आणणार होते आणि तिला ठेवायला जागा नसणार होती. मी पहारीवर कपाळ टेकून उभा राहिलो आणि तोंडातून 'बापा' असा शब्द निघाला. हे मी लपवत नाही, पण वाढवूनही सांगत नाही. कंबर धरली की माणूस 'आई गं'देखील म्हणतो. माझी आई त्या वेळी घरी बर्फावर होती.

त्यानंतर किती वेळाने तो माणूस आला, हे मला ठामपणे सांगता येत नाही. अक्का सांगते की लगेच आला, पण अक्का तिथे नव्हती. मला दिसलं ते इतकंच की साठीचा एक काळासावळा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, फाटकातून सरळ माझ्याकडे चालत येतोय. त्याने माझ्या हातातली पहार काढून घेतली.

"सरक भाऊ. बठ तठे सावलीमा. कोन गयं?"

"आई."

"हं," म्हणाला आणि खड्ड्यात उतरला. पहिले काही क्षण तो काहीच करेना, नुसता वाकून तळ पाहत राहिला. मग पहारीचं टोक एका बारीक रेघेत रोवलं, अंग टाकलं आणि परातीएवढी ढेप अलगद उचलली गेली. "मुरूम फोडाना नई," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सांध दखानी." म्हणजे फोडत बसायचं नाही, सांधा बघायचा. तो ढेपा उचलायचा, मी फावड्याने बाहेर लोटायचो. मधे दोनदा पाणी प्यायला. मी दहा प्रश्न विचारले असतील, कुठले तुम्ही, इकडे कसे आलात. कशाचंच धड उत्तर दिलं नाही. चारच्या सुमाराला खड्डा छातीइतका झाला, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. तो वर आला, टॉवेलने तोंड पुसलं, "जय भीम" म्हणाला आणि मी खिशात हात घालेपर्यंत रस्त्याला लागलासुद्धा. जय भीमवरून तो मंडळीतला नाही एवढं कळलं. पण मंडळी बाहेरचा माणूसही पाठवू शकते, हेही मला लगेच सुचलं.

पाच वाजता सगळे आले. अक्का पोचली होती, रडून तिचा आवाज बसला होता. पेटी खाली गेली, गीत सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की मी गातोय, तेही वडील गायचे त्या खालच्या सुरात. तोंड बंद करता आलं असतं. केलं नाही, कारण आईने गीत मागितलं होतं. परतताना मी नानांना गाठलं. "तो खणणारा तुम्हीच पाठवलात ना?" नाना गोंधळले. "मला तर वाटलं, तुम्ही आणलात." माझा अर्थातच विश्वास बसला नाही.

पुढचे काही आठवडे मी वाट पाहत होतो. आज नाना येतील, उद्या येतील, हातात पवित्र शास्त्र असेल, खुर्चीत बसून म्हणतील, "भाऊ, आता विचार करा." मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. कोणी आलं नाही. चर्चमधली एक बाई दोनदा भाकरी आणि पिठलं देऊन गेली, तीही दारातूनच. फार हुशार लोक आहेत, मी मनाशी म्हणायचो, घाई करत नाहीत. आणि मग धुळ्याहून अक्काचं पत्र आलं. तिने भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली होती, की आईच्या कबरीसाठी देवाने दूत धाडला, काम झाल्यावर तो दिसेनासा झाला. साऱ्या मंडळीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

माझं डोकंच फिरलं. माझ्या फुटलेल्या फोडांवर यांनी चमत्कार उभा केला होता. मी ठरवलं, या देवदूताचा पत्ता काढायचा आणि अक्काच्या हातावर ठेवायचा. हातोटीवरून तो विहिरी खणणारा असणार हे उघड होतं. दोन रविवार चौकशी केल्यावर पिंप्राळ्याच्या पुढे एका मळ्यात नव्या विहिरीचं काम चाललं होतं तिथे तो सापडला. नाव सुपडू. दोराला धरून वर आला आणि मला पाहताच हसला. "मायना खड्डावाला ना तू?"

"आबा, खरं सांगा. तुम्हाला तिथे कोणी पाठवलं होतं?"

"माले कोन धाडी? मी रस्ताथीन जाई राहिंतू. तुले दखं. पहार झाडूसारखी धरेल. माले वाटनं, ह्याकडथीन सांजलोंग काई व्हवाव नई, आनि म्हातारी तशीच पडी राही."

"चर्चच्या कोणाला ओळखता?"

"कोनलेच नई. कबरस्थानना शेजारना मळामा मी हीर खंदेल शे, म्हनीसन जमीन माले ठाऊक. तठे बठ्ठा तोच मुरूम शे."

मी म्हटलं, "फार उपकार झाले, आबा." तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा दोर धरून खाली गेला. मी काठावर उभा राहिलो. मला हवं होतं तेच उत्तर मिळालं होतं. कोणी पाठवलं नव्हतं, दूत नव्हता, डाव नव्हता. मग मी खूश का होत नव्हतो? मंडळीने पाठवलं असतं तर चार ओळी लिहून मी मोकळा झालो असतो. इथे कोणाला काय लिहिणार? मी सगळी ताकद लावून कोणाचं काही घ्यायचं नाही म्हणून उभा होतो, आणि मला काय येत नाही ते रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला नुसतं बघून कळलं होतं. त्या दिवशी मळ्यातून परतताना मला स्कूटर बाजूला लावून थोडा वेळ बसावं लागलं. आई गेल्यावर मी तोवर रडलो नव्हतो, तिथे रडलो.

पोळ्याच्या सुमाराला आईची कबर एका बाजूने खचली. पावसाने माती बसली होती, असं होतंच. या वेळी मी टिकाव शोधला नाही. नानांच्या दारात जाऊन म्हणालो, "नाना, कबर खचलीय. मला जमणार नाही. माणसं हवीत." चर्च सोडल्यापासून हे बोलायला मला दहा वर्षं लागली असं आता वाटतं. नाना म्हणाले, "रविवारी उपासनेनंतर येतो." पाच-सहा जण आले, घमेल्यांनी मुरूम टाकला, चोपला, वरून पाणी मारलं. कोणी मला कामाला लावलं नाही आणि कोणी बसही म्हणालं नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं असतं, गुडघे टेकून, डोळे भरून, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की येत नाही ते येत नाही म्हणावं आणि बाजूला सरावं.

काम झाल्यावर नानांनी प्रार्थना सुरू केली. मी कान टवकारले. आता माझं नाव येणार, भटकलेलं मेंढरू वगैरे, आणि मी रागावून निघून जाणार. नानांनी आईचं नाव घेतलं, अक्काचं घेतलं, मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं घेतली, सुटीनंतर परत आलेल्या पाळकांचं घेतलं. माझं घेतलंच नाही. ते मुद्दाम गाळलं, की माझा मान राखला, मला आजही माहीत नाही. पण मला चक्क वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मी नाकारत नाही. नाना आता आमेन म्हणणार एवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "नाना, एक नाव राहिलं."

नानांनी डोळे उघडले नाहीत. "सांगा भाऊ," म्हणाले.

"सुपडू," मी म्हणालो. "विहिरी खणतात."

नानांनी कोण, कुठला, काही विचारलं नाही. नाव तसंच घेतलं, खोल विहिरीत उतरणाऱ्या त्या माणसाला सांभाळ म्हणाले. मी देव मानत नाही. आमेन म्हणायला मात्र त्या दिवशी माझा आवाज सगळ्यांच्या आधी निघाला.