न ऐकलेला आकडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण आधी माझी थोडी बढाई ऐकून घ्या — त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नव्वदच्या दशकात कबनूरमध्ये बीपीची पर्वा कुणाला होती? यंत्रमागाचं गाव. डॉक्टरकडे यायचं ते तापाला, खोकल्याला, नाहीतर मागातला, सूत घेऊन धावणारा धोटा उडून लागला म्हणून. मी मात्र खोकल्याच्या पेशंटच्या दंडालाही पट्टा बांधायचो. पंचविशीतला माग चालवणारा असो, पोटुशी बाई असो, आखाडा सोडलेला पैलवान असो — आधी तंबाखू थुंकून यायचं, जरा शांत बसायचं, मग बीपी. एकदा जास्त आलं म्हणून लगेच गोळी नाही. परत बोलवायचं, परत मोजायचं. पोटुशीचा आकडा चढला, की मी स्वतः रिक्षात बसवून तिला मोठ्या दवाखान्यात धाडायचो. पैलवानाला गोळीपेक्षा मिठामिरचीचा खर्डा सोडणं जड गेलं. "मला काय बी होत न्हाय, मग गोळी कशाला?" म्हणून भांडणारी तरणीबांड माणसं मी वर्षानुवर्षं गोळीला लावली. ती आज नातवंडं खेळवतायत. अभिमान आहे मला. का नसावा?

आणखी एक अभिमान होता — ओठ वाचण्याचा. मी वाढलो वडिलांच्या मागांच्या शेडमध्ये. त्या खडखडाटात कुणी ओरडत नाही. ओठ आणि हात हलवून सगळं बोलणं होतं. शेडच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाला शिव्या घालतोय, हे मला लहानपणापासून दिसायचं. त्याच खडखडाटानं माझे कान खाल्ले — हळूहळू, मलाही न कळता. चाळिशीत ते बरेच गेले होते. पेशंट बोलायचे, मी ओठ वाचायचो. कुणाला कसली शंका?

पण पाऱ्याच्या मशिनला ओठ नसतात. पट्टा सैल करताना स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू यायला लागले की वरचा आकडा, थांबले की खालचा. सगळा खेळ कानाचा. मला ते ठोके अस्पष्ट ऐकू यायला लागले. मग काहींचे येईनातच. मी काय केलं? पाऱ्याची थरथर बघितली, माणसाचा चेहरा बघितला — आणि आकडा ठोकून दिला. ठणकावून. बहुतेक वेळा निभावलं. निभावलं म्हणजे काय, हे तरी मला कुठं माहीत आहे?

बसू माझा बालमित्र. त्याच शेडमध्ये वाढलेला, पुढं नावाजलेला जॉबर झाला. बिघडलेला माग त्याच्या हाताखाली सरळ व्हायचा. एका सकाळी तो चक्कर येते म्हणून आला. मी पट्टा बांधला, कान लावले. काहीच नाही. परत फुगवला. काहीच नाही. मनगटाची नाडी धरली असती, तर पट्टा सैल होताना ती परत लागते तिथं वरचा आकडा तरी सापडला असता. पण बाकावर पेशंट बसलेले — आणि त्यांच्यासमोर चाचपडणारा डॉक्टर मला व्हायचं नव्हतं. बसू तर हसत होता, ठणठणीत दिसत होता.

"एकशेतीस, ऐंशी. घोडा हायस," मी म्हणालो. तो खूश होऊन कामावर गेला.

त्याच आठवड्यात मागाजवळच तो कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या दवाखान्यात म्हणाले, बीपी भयंकर आहे, पूर्वीपासूनचं दिसतंय, कुणी बघितलं नाही का? त्याची बायको त्यांच्यावर उसळली. "आमच्या डाक्टरांनी बघितलं हुतं की! तवा न्हवतंच. त्यांचा आकडा चुकत न्हाय." मी शेजारी उभा होतो. मी मान डोलावली. हो — डोलावली.

पुढच्याच महिन्यात मी बॅटरीवरचं, आपोआप आकडा दाखवणारं मशिन आणलं. गावात पहिलं. लोकांनी कौतुक केलं, डॉक्टर काळाच्या पुढं आहेत म्हणाले. गणेशमंडळानं शाल घातली. मी ती घेतली. कानाचं कुणालाही बोललो नाही.

वैनी अजून बसूला बीपी तपासायला माझ्याकडेच आणतात. मशिन आकडा दाखवतं. तो खरा असतो. मग बसू माझ्याकडं बघून वाकड्या ओठांनी काहीतरी सांगायला लागतो. पुन्हापुन्हा तेच. अख्ख्या शेडचे ओठ वाचणारा मी — मला ते वाचता येत नाहीत. मी "व्हय, व्हय" म्हणतो.

"बघा," वैनी बाकावरच्यांना सांगतात, "ह्यांचं बोलणं फकस्त डाक्टरांस्नीच कळतंय."

मी परत मान डोलावतो.