‘हाय’च्या जागी ‘आहे’

माझे पती पोलादपूरच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच पुस्तक लिहायला घेतलं, आणि तेही आपलं नाही असं सांगत. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. आक्का महाडजवळच्या तुडीलला राहतात. त्या बोलायच्या आणि हे समोर बसून ते त्यांच्याच बोलीत थेट लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे. ई-पुस्तकं तयार करायचं एक मोफत सॉफ्टवेअर त्यांनी या वयात स्वतः शिकून घेतलं होतं. अकरा प्रकरणं लिहून झाली, आणि हे गेले.

पुस्तक माझ्याकडे आलं. वर्ष झाल्यावर त्यांच्या आठवणीत होणाऱ्या पुण्यानुमोदनाला ते आक्कांच्या हाती द्यायचं, एवढं मी मनाशी ठरवलं. आक्कांचा नातू मुंबईहून ते मोबाइलवर घालून आणणार होता, मोठ्या अक्षरात.

माझं आयुष्य महाडच्या एका वाचनालयात गेलं. छापील भाषेविषयी माझी मतं पक्की, आणि त्यावरून आमचा जुना वाद होता. मी म्हणायचे, "लोक म्हणतील, मराठीच्या मास्तरांना शुद्ध लिहिता येत नाही." हे चष्मा पुसत म्हणायचे, "मास्तर गप्प बसलेत. बोलतायत त्या आक्का."

ते असताना मी त्यांच्या पुस्तकाला हात लावला नसता. ते गेल्यावर मात्र त्यांना कोणी हसू नये, याचीच मला काळजी लागली. एका सकाळी मी ती फाइल उघडली, ‘शोधा आणि बदला’मध्ये वरच्या चौकटीत ‘हाय’ लिहिलं, खालच्या चौकटीत ‘आहे’ आणि सगळीकडे बदला म्हटलं. क्षणभरात चारशेहून जास्त बदल झाले. मी फाइल जतन केली, बंद केली आणि चहा ठेवला.

दुपारी वाचायला बसले तर पहिल्याच पानावर ‘आहेस्कूल’. पुढे आक्का माहेरी ‘राआहेला’ गेल्या होत्या आणि रस्त्याचा ‘आहेवे’ झाला होता. कितीतरी दिवसांनी मी एकटीच हसले. हे मोडके शब्द शोधणं सोपं होतं; संध्याकाळपर्यंत सगळे दुरुस्तही झाले. मग तिसऱ्या प्रकरणातल्या एका ओळीशी मी थांबले. आक्का तालुक्याच्या कचेरीत गेल्या होत्या, तिथली ती ओळ होती:

"सायेब म्हनला, अर्ज आला आहे. मी म्हनलं, मी पन आली आहे."

हे ही ओळ मला मोठ्याने वाचून दाखवायचे. ती अशी नव्हती. साहेब म्हणतो अर्ज ‘आला आहे’ आणि आक्का म्हणतात मी ‘आली हाय’, सगळी गंमत त्यात होती. साहेबाच्या भाषेत त्याला उत्तर न देता आपल्या भाषेत दिलं होतं. मी एका बटणाने आक्कांना साहेब करून टाकलं होतं.

जुनी प्रत शोधली. पेन ड्राइव्हवर फक्त पहिली दोन प्रकरणं निघाली. बाकीच्या नऊ प्रकरणांत कुठला ‘आहे’ मुळातला आणि कुठला माझा, हे कळायला काही मार्ग नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांनी एकाही ठिकाणी सवयीने लिहिलं नव्हतं. चारशे वेळा त्यांनी कान देऊन ऐकलं होतं.

त्या सॉफ्टवेअरच्या वापरणाऱ्यांची इंटरनेटवर एक सभा भरते. तिथे ‘नव्या प्लगिनसाठी कल्पना सुचवा’ असं एक पान आहे. प्लगिन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला मागाहून जोडायचा छोटा भाग; ते लोक हौसेने, फुकट करून देतात. मी तीन दिवस लावून इंग्रजीत लिहिलं. बदल करण्याआधी प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासकट दाखवावा. आणि कोण बोलतंय याची खूण करता यावी, म्हणजे एकाच्या बोलण्यात केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या बोलण्यात शिरणार नाही.

एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने विचारलं, हे दोन शब्द एकाच अर्थाचे असतील तर फरक कशाने पडतो? मी त्याला साहेबाची ओळ समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: समजलं. माझी आजीही डॉक्टरशी वेगळी बोलायची आणि कोंबड्यांशी वेगळी. मग कोण बोलतंय एवढं पुरणार नाही, कोणाशी बोलतंय हेही हवं. मी ते उत्तर कागदावर छापून घेतलं. ज्याला आमचं एक अक्षर कळत नव्हतं त्याला जे दिसलं, ते मला तीस वर्षं पुस्तकांत बसून दिसलं नव्हतं.

आठवड्याभरात प्लगिन आलं. प्रत्येक ‘आहे’समोर दोन चौकटी: बोलणारा, ऐकणारा. भरायच्या मात्र मलाच होत्या. आणि उत्तरं फक्त एका व्यक्तीकडे होती.

लॅपटॉप घेऊन मी एस.टी.ने तुडीलला गेले. आक्का ओटीवर भिजवलेले वाल सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हनजे तू माझं शुद्धलेखन तपासलंस."

"हो."

"किती मार्क दिलंस?"

त्यांनी वालाचं ताट माझ्याकडे सरकवलं. "सोल. आनि वाच."

मी वाचत गेले. त्या मध्येच बोट उचलायच्या. "हितं हाय." पुढे, "हितं आहे. ती शाळंतली बाई बोलतेय." एके ठिकाणी त्या स्वतःच बोलत होत्या, तरी म्हणाल्या, "आहे." मी विचारलं, "असं का?" तर म्हणाल्या, "त्या दिवशी नवं लुगडं नेसलेली गो."

तीन दिवस गेले. मी महाडहून सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे. आक्कांना प्रत्येक वाक्य आठवत होतं असं नाही. पण त्या वाक्यात समोर कोण होतं, हे आठवत होतं, आणि तेवढ्यावर शब्द आपोआप येत होता. असा कान मी कुणाचा पाहिला नाही. किंवा पाहिला होता, घरातच, आणि त्याला शुद्धलेखन शिकवायला निघाले होते.

शेवटच्या प्रकरणात एक जागा राहिली. आईच्या आजारपणाचं सांगताना आक्का थांबतात, आणि पुस्तकात पहिल्यांदाच ह्यांचं स्वतःचं बोलणं येतं: "सावकाश सांग. मी आहे ना."

ही चौकट मी विचारल्याशिवाय भरली आणि वाक्य मोठ्याने वाचलं. ह्यांचं बोलणं मला कोण सांगणार? घरात, शाळेत, दवाखान्यात, कुठेही ते स्वच्छ ‘आहे’ म्हणायचे. शेवटच्या दिवसांतही.

आक्कांचे हात थांबले.

"ते नाय तसं."

"आक्का, हे ह्यांचं वाक्य आहे."

"मंग? माझ्याशी बोल्ला ना तो?" त्यांनी हात पदराला पुसले. "तुज्याशी बोलत असंल ‘आहे’. साळंत बोलत असंल. माझ्याशी तो जन्मात कदी ‘आहे’ बोल्ला नाय. बोल्ला असता तर मी इचारलं असतं, काय रे, ताप आलाय काय?"

मी आधी भरलेलं पुसलं. मग बोलणारा या चौकटीत ‘भाऊ’ लिहिलं, ऐकणारा या चौकटीत ‘बहीण’, आणि शब्द बदलला.

"वाच आता," आक्का म्हणाल्या.

मी वाचलं, "मी हाय ना." माझ्या तोंडून तो शब्द अवघडलेला आला. आक्कांनी तो एकदा नीट म्हणून दाखवला, त्यांचा भाऊ म्हणायचा तसा. या आवाजात मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं.