काकांच्या नावावरची आमची विहीर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दाराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून पाहते. दूधवाल्यासमोर दूध मोजून घेते आणि तो गेला की पुन्हा मोजते. नवरा म्हणतो, तुला मोहरी दिली तरी तू तिचं आधारकार्ड मागशील. इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढल्यावर माणूस असाच होतो, असं मी त्याला सांगते. पण खरं कारण शाळा नाही, माझे वडील आहेत. त्यांनी आयुष्यात कुणाकडे एक कागद मागितला नाही. त्यांच्या वाटणीचा संशयही मग मलाच घ्यावा लागला.

मी मंगरूळपीरला राहते, आई गावात. गावाबाहेर एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडे आमचं मोठं वावर आणि पलीकडे आमचाच एक तुकडा. शेजारच्या काकांचं नेमकं उलटं. त्यांचं मोठं वावर पलीकडे आणि एक तुकडा अलीकडे, आमच्या वावराला लागून. काका म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत, वडिलांच्या जोडीचे. पावसाळ्यात दोघांनाही बैल घेऊन नाला ओलांडावा लागे. एका वर्षी दोघांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून ठरवलं, पलीकडचा आमचा तुकडा काकांनी वाहायचा, म्हणजे कसायचा, अलीकडचा त्यांचा आम्ही. नारळ फोडला, खोबरं वाटलं, झाली अदलाबदल. आमच्या भागात असे व्यवहार गावोगाव आहेत आणि कागद करायचा म्हटलं की समोरचा माणूस दुखावतो.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. वडिलांनी त्या तुकड्यात विहीर खोदली. सातबारा दुसऱ्याचा, आणि विहीर यांची! आईनं टोपल्या भरभरून मुरूम वर काढला. पाणी लागलं. आज त्या पाण्यावर आमची संत्र्याची झाडं उभी आहेत, आणि सातबाऱ्यावर विहिरीसकट सगळं काकांचं आहे. ते वाचलं की मला अजूनही वडिलांचा राग येतो.

अलीकडे मोबाइलवरून पीक पाहणी सुरू झाली तेव्हा तर सगळी गंमतच झाली. ज्याच्या नावावर वावर, त्यानं स्वतः त्यात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. मोबाइलला नारळ कळत नाही. वडिलांनंतर आईनं वावर माझ्या नावावर करायला लावलं होतं, त्यामुळे दरवर्षी मी चप्पल हातात घेऊन नाला ओलांडायची आणि काकांनी पेरलेल्या तुरीचा फोटो माझ्या नावावर काढायची. त्याच आठवड्यात काका अलीकडे येऊन आमच्या संत्र्यांचा फोटो काढत. त्यांचा हात थरथरायचा. फोटो हलला की आई हसायची आणि त्यांना चहा द्यायची. मी मात्र ते मोबाइलमध्ये काय भरताहेत, ते त्यांच्या खांद्यावरून वाचत उभी असायची.

वडील गेल्यावर आईला एकच ध्यास लागला होता. विहीर आपल्या नावावर झालेली तिला डोळ्यांनी पाहायची होती. मी गावी गेले की पाण्याचा तांब्या हातात देतानाच विचारायची, "झालं का वं त्या कागदाचं?"

आणि एक दिवस काका स्वतःच मंगरूळपीरला माझ्या शाळेत आले. मधली सुट्टी होती. अंगावर धुतलेलं धोतर, काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जुने उतारे. लहानपणी ते मला "पोट्टे" म्हणायचे. नोकरी लागल्यापासून "बाई" म्हणू लागले होते, पण तू-तुकार तोच.

"बाई, सरकारनं योजना काढली म्हन्तात," ते म्हणाले. "अदलाबदलीचे कागद सोप्यात होऊन राह्यले. दोघाईनं सह्या केल्या का झालं. चाल, उरकून टाकू."

माझ्या जागी आई असती तर तिनं तिथल्या तिथं अंगठा दिला असता. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न आला. आत्ताच का? इतकी वर्षं हा माणूस गप्प होता, आणि आज भर उन्हाचा बसनं आला? वडील असताना का नाही? मी त्यांना पाणी दिलं, शाळेच्या खिचडीची चव दाखवली आणि म्हणाले, "पाहू काका. परीक्षा होऊ द्या."

परीक्षा होईपर्यंत मी स्वस्थ बसले नाही. दोन्ही तुकड्यांचे उतारे काढले, जुने फेरफार काढले. आमचा पलीकडचा तुकडा काकांच्या तुकड्यापेक्षा सहा गुंठे जास्त निघाला. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सापडलं! म्हाताऱ्याला ते सहा गुंठे कागदावर पक्के करून हवे होते तर. आईला सांगितलं, तर ती संत्री निवडता निवडता म्हणाली, "हे त तुह्या बापानंच देल्ले. इकडची जमीन काळी, तिकडं खडक. म्हनून जास्त देल्ली. यात काय नवल हाये?"

आईचं हे असं असतं. तिला काही नवल वाटतच नाही.

तलाठी कार्यालयात मी विचारलं, पक्की, निर्वेध, पुढे कुणी बोट दाखवू शकणार नाही अशी मालकी कशी मिळते? तलाठी तरुण होता. त्यानं माझाच सातबारा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, यात मालक हा शब्द कुठं हाये, दाखवा." मी शोधला. नव्हता. होता तो भोगवटादार, म्हणजे नुसता जमीन ताब्यात असलेला. वर्ग एक असला तर विकायला मोकळा, वर्ग दोन असला तर परवानगी घ्या, आणि बाजूच्या रकान्यात इतर अधिकार म्हणून बँका, कुळं, वाटा, काय काय. "अन् हाही पुरावा हाये, निकाल नाही," तो म्हणाला. "कोनीबी आक्षेप घेऊ शकते. खरेदीखत असलं तरी घेऊ शकते." मुलांना मी इतकी वर्षं 'शेतकरी जमिनीचा मालक' असं शिकवत आले होते. त्या दिवशी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले तरी तोंड कडूच.

मग मी कुणाला न सांगता पलीकडच्या तुकड्याच्या मोजणीचा अर्ज दिला. तो तुकडा माझ्या नावावर होता, म्हणजे अर्जाचा हक्क माझा. काकांनी धुरे सरकवले असतील तर कळेल, असा हिशेब. एवढी शिकलेली बाई मी, पण मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते, हे माझ्या लक्षात आलं नाही. काकांचं मोठं वावर त्या तुकड्याला लागूनच, त्यांना नोटीस गेली. त्यांच्या घरात ती त्यांच्या मुलानं मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांच्या वहितीची जमीन मी मोजून मागते आहे, म्हणजे ती परत घ्यायच्या तयारीत आहे, एवढाच तिचा अर्थ निघत होता.

मोजणीच्या दिवशी मला वाटलं, भांडण होणार. काका आले ते चहाची किटली घेऊन. मोजणीदाराला जुने दगड त्यांनीच दाखवले, बाभळीची काटेरी फांदी स्वतःच्या हातानं बाजूला धरली. त्यांचा मुलगा मात्र दूर मोटारसायकलवर बसून होता. खाली उतरला नाही.

मोजणीत तुकडा जास्त निघाला नाही, कमीच निघाला. नाला दरवर्षी तिकडची दरड खात गेला होता. कागदावरचे ते सहा गुंठे आणि वर आणखी थोडी जमीन पाण्यात गेली होती. म्हणजे इतकी वर्षं काका कमी जमीन वाहत होते, आणि आमच्या हाती विहिरीसकट पूर्ण तुकडा होता.

"तुम्हाला माहीत होतं, काका?" मी विचारलं.

"माहीत काहून नसन? मीच वाहून राह्यलो ना. नाला सरकला, त्यात तुह्या बापाचा काय कसूर?" त्यांनी माझ्यासमोर कप धरला. "आता त खातरी झाली ना? मंग चाल कागदाले."

मला लाज वाटली, हे खरं. पण ती लाजही फार टिकली नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या मी विचार करू लागले. नुकसान दिसत असूनही जो माणूस ते कागदावर पक्कं करायला निघतो, त्याला त्यात दुसरं काहीतरी दिसत असणार. रस्त्याचं रुंदीकरण? मी लाल खुणांचे दगड शोधत फिरले. ते गावाच्या दुसऱ्याच अंगाला होते. मग मी वकील पाहते म्हणाले. मग तुमच्या मुलांच्याही सह्या लागतील म्हणाले. मग दिवाळी, मग तुरीची कापणी. काका दर वेळी "बरं बाई" म्हणत गेले. शेवटच्या वेळी त्यांनी फोनवर नुसतं विचारलं, "तुरी निघाल्यावर नक्की ना?" मी नक्की म्हटलं.

तुरी निघायच्या आत काका गेले. वर्षभर ते अकोल्याला दवाखान्यात जात होते, हे मला त्यांच्या तेरवीला कळलं. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनं माझ्याजवळ बसून सांगितलं, "म्हनत, मी हाये तवरच त्या बाईचं काम करून देल्लं पाह्यजे. मांगून पोट्टे आयकतीन न आयकतीन." इतके महिने मी ज्या 'आत्ताच का'चं उत्तर उताऱ्यांत आणि रस्त्याच्या दगडांत शोधत होते, ते हे होतं. मी पानावरून उठले.

महिनाभरानं मी काकांच्या मुलाकडे गेले. या वेळी पिशवी माझ्या काखेत होती. आता काकांच्या वारसांनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्यानं, त्याच्या भावानं आणि बहिणीनं सह्या केल्या तरच काही होणार होतं. त्यानं खुर्ची दिली. पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, बाबा तुमच्या मांगं मांगं फिरत व्हते तवा तुमाले वेळ नव्हता. तुमी मोजनी आनली. अन् आता ते नाहीत त तुमालेच घाई झाली. काय समजाचं आमी?"

त्याच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच विचारलं असतं. दाखवायला माझ्याकडे त्याच्या वडिलांचा शब्द होता, पण तो मानायला मी स्वतःच वर्षभर नकार दिला होता.

परवा रविवारी मी गावी होते. कोतवालानं घरी कागद आणून दिला, सही घेतली. काकांच्या मुलानं अलीकडच्या तुकड्याच्या, आमच्या विहिरीच्या तुकड्याच्या मोजणीचा अर्ज दिला होता. नोटीस होती. आई आतून हात पुसत आली. तिला वाचता येत नाही. कागदावरचा शिक्का तिला दिसला आणि तिचा चेहरा खुलला.

"आला का कागद? इहिरीचा?"

मी नोटिशीची घडी उलगडून सरळ केली. मग हो म्हणाले.

"वाच ना मंग."

मी वाचलं. आमचं गाव, गट नंबर, विहीर एक, संत्र्याची झाडं, आणि खाली आईचं नाव, वडिलांच्या नावासकट. कागदावर नसलेलं सगळं मी न अडखळता वाचलं. आईनं कुठे लिहिलंय ते दाखव म्हटलं. मी मोजणीच्या तारखेवर बोट ठेवलं, तिनं तिथं आपलं बोट ठेवलं. एकदाही विचारलं नाही, खरं का म्हणून.

"पाह्य," ती म्हणाली, "मेला, पन शब्द पाळला मानसानं."

मी हो म्हटलं. तेवढं एकच त्या दिवशी मी तिच्याशी खरं बोलले.