नकलेतून गेलेला मेसेज

माझी ताई आमच्या डायलिसिस सेंटरची वेबसाइट सांभाळते. सेंटरमधले तिला फुंकरताई म्हणतात, कारण दुधाने तोंड पोळल्यापासून ती ताकही फुंकून पिते. पाच वर्षांपूर्वी तिने चालू साइटवरच पीएचपीची, म्हणजे साइट ज्या संगणकी भाषेवर चालते तिची, आवृत्ती बदलली होती. दिवसभर पडदा पांढराफटक. पेशंटांच्या शिव्या मी, त्यांच्या नर्सने, खाल्ल्या आणि घरी जाऊन तिला व्याजासकट परत केल्या.

यंदा होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्यांनी, कळवलं, जुनी आवृत्ती शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद. ताईने वही काढली. आधी बॅकअप, आणि तो खरंच उघडतो का ते पाहायचं. मग साइटची हुबेहूब नक्कल करून नवी आवृत्ती आधी तिच्यावर चालवायची, एकेक बटण स्वतः दाबून.

"साइट बदलतेस की मुलीचं लग्न जमवतेस?" मी म्हटलं. ती वहीत पुढची ओळ लिहीत राहिली.

शुक्रवारी नऊला घड्याळजींची खुर्ची रिकामी. हे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. आठवड्यातून तीनदा, नऊला पाच कमी असताना हजर. साडेनऊ झाले, फोनही उचलेनात. बुधवारीच त्यांचे पाय सुजलेले होते. आज चुकलं तर पाणी फुप्फुसात भरायचं.

मी ताईला फोन लावला. "घड्याळजींची वेळ कुणी बदलली का गं?"

"नाही. इथे नऊच दिसतेय."

"मग आले का नाहीत?"

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "सकाळी मी 'वेळ रद्द' दाबून पाहिलं. यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं."

"नकलेवर ना पण?"

"नकलेतून मेसेज जाणं बंद करायचं राहिलं गं माझ्याकडून. रद्दचा मेसेज त्यांना खरंच गेला."

रागाने मी तिला झापणार होते. तोवर ती चपला अडकवून निघालीही होती. त्यांचं दुकान तिच्या घरामागेच आहे.

वीस मिनिटं मी दाराशी उभी. ताई त्यांना टॅक्सीतून घेऊन आली तेव्हा घड्याळजींचे ओठ निळसर पडले होते. तिला ते दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसलेले सापडले, फोन आत चार्जिंगला. आम्ही ऑक्सिजन लावला, मशीन सुरू केलं. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिला झापायचं मी विसरूनच गेले.

दुपारी धाप कमी झाली, पण डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. ताईने शेजारी स्टूल ओढलं आणि त्यांना सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, काका."

"होतं पोरी. घड्याळ उघडलं की एखादा स्क्रू उडतोच."

ती रडली. मग डोळे पुसून वहीत एक ओळ वाढवली: नकलेचे मेसेज आधी तोडायचे. पुन्हा सगळी बटणं दाबून पाहिली. साडेचारला खरी साइट नव्या आवृत्तीवर गेली. काही बिघडलंच तर जुनीवर परतायला अर्धाच तास होता. यादी उघडली, वेळा जागच्या जागी होत्या.

"काका, पहिला मेसेज तुम्हाला पाठवू?"

त्यांनी मान डोलावली. फोन वाजला. तुमची पुढची वेळ: सोमवार, सकाळी नऊ. घड्याळजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"सिस्टर, खरंच यायचं ना?"

चार वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ताई शेजारीच बसलेली होती.