सिस्टरबाई आणि विमानांचे फोटो

आमची आत्या स्वतःसाठी काहीही एकदाच मागायची. एटापल्लीकडच्या जंगलात तिनं तीसेक वर्षं नर्सची नोकरी केली. सगळा मुलूख तिला सिस्टरबाई म्हणायचा, म्हणून घरात आम्हीही कधी कधी तेच म्हणायचो. पेशंटला एकच गोष्ट ती दहादा समजावायची, कधी मराठीत, कधी गोंडीत. स्वतःचं मात्र एकदाच. "दुसऱ्यांदा सांगतलं का ते भीक होते," असं म्हणायची. रिटायर होऊन ती चंद्रपूरला आमच्याकडे राहायला आली, त्या पहिल्या आठवड्यात तिनं उशी मागितली होती. मी हो म्हणालो आणि विसरलो. चार दिवस ती लुगड्याची घडी डोक्याखाली घेऊन झोपली. माझ्या बायकोला, वर्षाला, ते पाचव्या दिवशी दिसलं.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या क्वार्टरवर राहायचो. तिकडे हेलिकॉप्टर म्हणजे कुणीतरी जखमी किंवा अडलेलं. आवाज आला की आत्या ताटावरून उठायची, हात धुवायची, पदर कमरेला खोचायची आणि मैदानाकडे निघायची. मी मागून पळायचो, मान वर करून. एकदा तिनं माझी हनुवटी धरून मान खाली केली. "वर काय पाहाचं रे? उतरल्यावर खाली कोन हाय, ते पाहाचं असते."

एका पावसाळ्यात नदीपलीकडची एक पोर बाळंतपणात अडली. आत्यानं तिला हेलिकॉप्टरमध्ये चढवलं आणि मैदानात उभ्या असलेल्या तिच्या आईला सांगितलं, येते तुमची लेक परत. लेक आली नाही. आत्या आमच्याकडे याबद्दल कधीच बोलली नाही. मला हे तिच्या दवाखान्यातल्या शिपाईभाऊंनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्यानंतर सिस्टरबाईंनी कुणालाच तसं वचन दिलं नाही, असंही ते म्हणाले.

म्हणजे पुढे नागपूरला जे झालं, त्याच्या आधीच मला सगळं माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो.

नागपूरला विमानांच्या कसरती होणार असं कळलं, तेव्हा मी नुकतीच लांब पल्ल्याची लेन्स घेतली होती. तोवर ताडोब्याच्या बाजूला पाखरांचे फोटो काढायचो. विमानं कधी काढली नव्हती. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. आत्या म्हणाली, "तुमी जा. मले तो आवाज नाई झेपत." मी तिला म्हणालो, तुझं मन रमेल, घरात बसून कंटाळतेस. खरं कारण वेगळं होतं. आमची मिनू तेव्हा चार वर्षांची होती. तिला कुणीतरी धरून बसलं, तर मला दोन्ही हात मोकळे मिळणार होते आणि वर्षालाही कार्यक्रम बघता येणार होता. आत्याला हे कळलं असणार. ती दुसऱ्यांदा नाही म्हणाली नाही.

पहाटे निघालो. वर्षानं पराठे घेतले होते, आत्यानं पिशवीत मीठ-साखर, पट्ट्या आणि कापूस. मैदानात ऊन चढलं होतं, गर्दी मावत नव्हती. विमानं आली तेव्हा आत्यानं मिनूचे कान दोन्ही हातांनी झाकले आणि ती बऱ्यापैकी हसतसुद्धा होती. मी मागे वळून एकदा पाहिलं, तेवढंच.

मग हेलिकॉप्टरं आली. चार, एका ओळीत, इतकी खाली की धूळ उडाली आणि लोकांच्या टोप्या गेल्या. मला हवी तशी चौकट मिळत होती. मागून आत्याचा आवाज आला, अगदी शांत.

"श्रीकांत, मले इथून ने."

"दहा मिनिटं थांब न, आत्या," मी डोळा कॅमेऱ्यावरून न काढता म्हणालो.

ती पुन्हा बोलली नाही. ती पुन्हा बोलणार नाही हे जगात कुणाला माहीत असेल, तर मला होतं. तरी मी फोटो काढत राहिलो.

कॅमेरा खाली घेतला तेव्हा मिनू वर्षाच्या मांडीवर होती आणि आत्याची जागा रिकामी होती. वर्षाला वाटलं, पाणी प्यायला गेली. आम्ही तासभर शोधलं. माइकवरून दोनदा नाव पुकारायला लावलं. मिनू रडायला लागली. मी लोकांना आत्याचं वर्णन सांगत होतो आणि तिनं त्या दिवशी कोणत्या रंगाचं लुगडं नेसलंय हे मला आठवत नव्हतं.

ती सापडली फाटकाबाहेर, ॲम्ब्युलन्सपाशी. पदर कमरेला खोचलेला, मागच्या दाराशी उभी. ड्रायव्हर भला माणूस होता. तो म्हणाला, बाई मघापासून विचारून राह्यल्या, पेशंट कुठी हाय. मी बसा म्हणलं, तर पेशंट आल्याशिवाय बसत नाई म्हणतात.

मी तिचा हात धरला. आत्या, कुणी पेशंट नाही, ते नुसतं दाखवून राह्यले, असं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे, आणि घाईनं खोचलेला पदर सोडवला. ती लाजली होती. इतक्या वर्षांत मी तिला लाजलेलं पाहिलं नव्हतं.

"मले माहीत होतं रे," ती म्हणाली. "पायच इकडे गेले."

परतीच्या वाटेवर मिनू तिच्या मांडीवर झोपली. मला माफी मागायची होती. वरोरा आलं, भद्रावती गेलं, घर आलं. मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो.

पंधरा दिवसांनी आत्या एटापल्लीला परत गेली. तिकडे ओळखीची खोली आहे, म्हणाली. मी राहा म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या दहा मिनिटांतला एक फोटो फार चांगला आला होता. चार हेलिकॉप्टरं, धूळ, धुळीवर ऊन. मी तो मोठा करून बैठकीत लावला. येणारे-जाणारे वाखाणायचे. दिवाळीत आत्या चार दिवस आली, तेव्हा ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"चांगला आला," ती म्हणाली. मग म्हणाली, "तेव्हा मी कुठी होती रे?"

तिनं विचारलंच होतं. तू ने म्हणालीस आणि मी नेलं नाही, एवढं खरं बोललो असतो, तरी पुष्कळ झालं असतं.

"माझ्या मागंच तर बसली होती तू," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ती मिनूची वेणी घालायला आत गेली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. नाल्यांना पूर होता. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो, तोवर गावानं तिला माती दिली होती.